उशिरा पोचणारा हीरो

उडता येणाऱ्या माणसालाही वेळेवर पोचता येत नाही, हे अख्ख्या जगात फक्त माझ्या आतेभावाला कळलं होतं. कुकटपल्लीच्या दोन खोल्यांत बसून तो एक कॉमिक काढायचा. त्यातला हीरो इमारत कोसळल्यावर उतरायचा, पूर ओसरल्यावर यायचा. अंगात हाफ स्वेटर, हातात चहाचा थर्मास. उतरला की म्हणायचा, "माफ करा, उशीर झाला," आणि लोकांच्या हरवलेल्या चपला शोधू लागायचा. मी विचारलं, "अरे, व्हिलन कुठंय?" तर म्हणाला, "त्याचं काम झालं दादा, गेला घरी. कैकू थांबेल?" अभ्यासासाठी हा नामपल्ली स्टेशनवर जायचा आणि गाडी सुटून गेल्यावर फलाटावर उरलेल्यांचे चेहरे काढायचा. एकदा एका चिडलेल्या गृहस्थानं त्यालाच हमाल समजून सामान उचलायला लावलं. यानं उचललंही.

मराठी फर्डं बोलायचा, पण शाळा इंग्रजी. वाचता-लिहिता येत नव्हतं. आणि आत्याला, म्हणजे त्याच्या आईला, मराठीशिवाय दुसरं काही वाचता येत नव्हतं. म्हणून कॉमिक मराठीत. बोलण्याचे फुगे तो रिकामे ठेवायचा, तो सांगेल ते मी काळ्या पेननं भरायचो. मग आबिड्सला झेरॉक्स, आणि पहिली प्रत आत्या त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची.

अठराव्या अंकात फलाटावरच्या बाकावर एक म्हातारा कोसळलेला होता. आतेभावाचे वडील तसेच गेले होते, नामपल्लीलाच, हा ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना. त्या दुपारबद्दल मायलेक कधी बोलले नव्हते. त्यानं हीरोचं नेहमीचंच वाक्य सांगितलं, म्हाताऱ्याचा फुगा रिकामा ठेवायला सांगितला. मला आत्याची दया आली. मी लिहिलं, "बाबा, मी आलो." आणि म्हाताऱ्याच्या फुग्यात, "आलास? बरं झालं."

आत्यानं ते वाचलं आणि चष्मा काढला. "म्हणजे तू पोचला होतास? इतकी वर्षं बोलला नाहीस रे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हौ आई. पोचलो होतो."

एकोणिसावा अंक निघालाच नाही. रागाचा एक शब्द नाही; "आता काय काढू दादा, तो तर वेळेवर पोचला," एवढंच. आत्या आल्यागेल्याला ती गोष्ट सांगू लागली की तो चहा ठेवायला आत जातो. मी अजून रविवारी जातो, काळं पेन खिशात असतं. त्या हीरोची माफी मी सतरा वेळा वळणदार अक्षरात लिहिली, पण त्याच्यासमोर बसून एकदा म्हणायला जमलेलं नाही. म्हणून हे लिहिलं. तेही त्याला वाचता यायचं नाही, आणि वाचून दाखवायला घरात एकटी आत्याच.