एक्स-रेबाई आणि हमालाची थोरली

माझी धाकटी जाऊ सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते. घरात तिच्या हातून दूध उतू गेल्याशिवाय राहत नाही, पण मोडक्या हाताच्या माणसाला न दुखवता मशीनखाली कसं निजवायचं, ते तिच्याकडून शिकावं. तोंडावर मी तिचं कौतुक करत नाही, डोक्यावर बसेल. पाठीमागे मात्र साऱ्या वस्तीला ऐकवते.

आमच्या वस्तीतली माणसं त्या दवाखान्यात जातात ती पेशंट म्हणून, नाहीतर झाडू घेऊन. मशीन चालवणारी पहिली हीच. एकटीच आहोत हे तिला डाचतं. म्हणून डॉक्टरांची परवानगी काढून ती शाळेतल्या मोठ्या पोरींना तिथं नेते. पोरी बुजल्या की आपली पहिल्या दिवसाची फजिती सांगते. एका आजोबांना म्हणाली, "श्वास घ्या, धरा," फोटो काढला, आणि 'सोडा' म्हणायचंच विसरली. आजोबा बिचारे टोमॅटोसारखे लाल. पोरी पोट धरून हसतात आणि मग मशीनला भीत नाहीत.

आमच्या वस्तीतल्या हमालाची थोरली लेक त्यातलीच एक. दहावीत, डोक्याने तल्लख, एक्स-रेशिवाय दुसरं बोलणं नाही. बापाने मात्र परीक्षा झाली की तिला पॅकिंगच्या कारखान्यात लावायचं ठरवलेलं. जाऊ त्याला समजवायला गेली.

"ताई, तुमचं सगळं खरं," तो म्हणाला, "पण तिथं आमच्या पोरीचं कोण ऐकणार?"

जाऊ घरी येऊन भांडी आदळायला लागली. "राग त्याच्यावर काढ, बाई," मी म्हटलं, "भांडी माझी आहेत." पण जीव माझाही जळत होता.

पुढे हमालाचा खोकला हटेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला. मीच त्याला ओढून नेलं, नाहीतर तो कसला जातोय. थोरली त्या दिवशी तिथंच होती. जाऊने बापाला मशीनच्या प्लेटसमोर नीट उभं केलं, आम्हा दोघींना आपल्याबरोबर काचेआड घेतलं आणि माईक पोरीच्या हातात दिला.

"बाबा, श्वास घ्या," पोरगी म्हणाली. "धरा."

हमालाने छाती फुगवली. जाऊने बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला आणि पोरगी बघतच राहिली. बापाच्या बरगड्या, ओझ्याने एका बाजूला उतरलेला खांदा, सगळं समोर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काचेपलीकडे हमाल लालबुंद होत चाललेला. जाऊने कोपर मारलं तेव्हा कुठे ती भानावर आली.

"बाबा, सोडा, सोडा!"

फोटोत वावगं काही निघालं नाही. पण बाहेर बाकावर तो धापा टाकत बसला तशी मी खवळले. "अहो, जीव जायची वेळ आली तरी श्वास धरून काय बसलात?"

"तिनं सोडायला सांगितलं नव्हतं ना," तो म्हणाला.

बोलून गेला आणि स्वतःच चमकला. मान वर करून पोरीकडे बघायला लागला. आपली पोरगी पहिल्यांदाच दिसावी तसा बघत होता. मग शर्टाची बटणं लावत त्याने जाऊला विचारलं, "ताई, दहावीनंतर हिला कुठल्या लाइनला घालायचं?"

एरवी चुरूचुरू बोलणारी माझी जाऊ पदराने नाक पुसत उभी. म्हणून मीच ठणकावून सांगितलं, "सायन्सला."