चारही बाजू शिवा

आमच्या घरात तीन पुरुष आहेत, तिघंही कापडात आहेत, आणि तिघांपैकी एकालाही शर्टाचं बटण लावता येत नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं लूमवर होते. नाना, म्हणजे माझे काका, पलसाण्याला रंगाईच्या मिलमध्ये आहेत. आणि थोरला भाऊ, दादा, मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं बांधतो. या तिघांच्या हाताखालून आजवर एवढं कापड गेलंय, की त्यात अख्खी सुरत गुंडाळून वर गाठ मारता येईल. पण बटण तुटलं की काय? "अगं, ऐकलंस का!" हे आप्पा. "वहिनी!" हे नाना. "आई!" हा दादा. आणि आई, जी दिवसभर अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवून मानेचा काटा ढिला करून बसलेली असते, ती उठणार आणि बटण लावणार!

हा अन्याय मी चोवीस वर्षं पाहिला (पहिलं वर्षभर पाळण्यातून) आणि मग पत्रक काढलं.

पत्रक काढणं ही माझी जुनी सवय. गटार तुंबलं, पत्रक. हुंडा घेतला, पत्रक. सोसायटीच्या टाकीत पाल पडली, पत्रक. (पाल निघाली ती वॉचमनमुळे, पण वातावरण मी तापवलं होतं.) या पत्रकाचं नाव होतं 'सुई बाईच्याच हाती का?' खाली नवशिक्या पुरुषांसाठी पाच सोपे शिवणप्रकार दिले होते: रुमाल, पिशवी, उशीचा अभ्रा, पडदा, ॲप्रन. प्रत्येकी अर्धा तास! शंभर प्रती छापल्या. दर रविवारी दुपारी अडीचला आमच्याच पुढच्या खोलीत वर्ग. विद्यार्थ्यांना आठवण राहावी म्हणून मी फोनमध्ये माझ्याच खणखणीत आवाजाचा गजरही लावला.

पहिल्या वर्गाला विद्यार्थी आले तीन: आप्पा, नाना, दादा. यातले आप्पा झोपेतून उठवून आणलेले.

"पण शिकवणार कोण?" दादाने विचारलं.

"मी मार्गदर्शन करेन."

"तुला शिवता येतं?"

"हा प्रश्न पुरुषी आहे," मी म्हटलं आणि पत्रकं वाटली.

खरं सांगायचं तर मला सुई ओवताही येत नाही. पण या वर्गात बाईने सुईला हात लावायचा नाही, हे माझं तत्त्व होतं. तत्त्व एवढं सोयीचं असलं की माणसाने जरा थांबून विचार करायला हवा. मी थांबले नाही.

तशात दोन गोष्टी एकदम घडल्या. आई बाथरूममध्ये घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आणि अमळनेरहून फोन आला, की कविताचे वडील आणि आत्या येत्या रविवारी घर पाहायला येताहेत.

कविता म्हणजे दादासाठी आलेलं स्थळ. मुलगी पाहून झाली होती. एरवी 'हो', 'नाही' आणि 'माल निघाला' एवढंच बोलणारा दादा गच्चीवर जाऊन तिच्याशी तास तास बोलत होता. आता घर पसंत पडायचं तेवढं राहिलं होतं. याआधीची सोयरीक मोडली होती, कारण त्या पाहुण्यांच्या हातात चहाच्या आधी मी हुंडाविरोधी प्रतिज्ञापत्र ठेवलं होतं. ते लोक हुंडा घेणारे नव्हते, देणारेही नव्हते, फक्त घाबरले. म्हणून या वेळी दादाने मला जिन्यात गाठलं.

"वैशू, हे लग्न मला करायचंय. खरंच करायचंय. तू काही करू नकोस."

"मी काय करणार?"

"तेच सांगतोय. काही करू नकोस."

पण घरातल्या उशांचे अभ्रे पार विटले होते, आणि प्लास्टरमधला हात उंचावून आई म्हणाली, "शेजारच्या रंजनाला सांगते, ती देईल शिवून."

"मुळीच नाही!" मी कडाडले. "घरात तीन धडधाकट पुरुष असताना रंजनामावशी? अभ्रे हेच शिवतील!"

दादाने भिंतीला डोकं टेकलं.

कापड नानांनी आणलं. रंगाईत बिघडलेला सॅटिनचा तागा, जांभळा, चमकदार, आणि असा बुळबुळीत की मांडीवर घेतला तर जमिनीवर, जमिनीवरून दाराकडे! कात्री लावायला दोघं धरायला आणि एक अडवायला लागत होता. आप्पांनी तर कापायलाच नकार दिला. "आधी हा तुटलेला धागा बघ," असं म्हणून त्यांनी चष्मा लावून विणीतला दोष शोधला. एक सापडल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. तीन दिवस ते तेच करत होते आणि सुखात होते. नानांनी आईच्या पायमशीनवर बसून एका संध्याकाळी चार सुया मोडल्या. आई शेजारी बसून डाव्या हाताने कपाळ बडवत होती.

"अहो भाऊजी, पाय हळू!"

"वहिनी, पाय हळूच आहे. मशीनच फास्ट आहे!"

रविवार उजाडला. पाहुण्यांची गाडी दुपारी बाराला. अभ्रे शून्य.

"चला!" मी म्हटलं. "हरायचं नाही! मशीन सोडा, हाताने शिवा. पत्रकाप्रमाणे!"

आप्पांनी पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचलं. "'समान मापाचे दोन चौकोन घ्या. चारही बाजू पक्क्या शिवा.' बरं. मग उशी कुठून घालायची?"

तिघंही माझ्याकडे वळले.

मी पत्रक हातात घेऊन वाचलं. चारही बाजू. स्वच्छ छापलं होतं. शंभर प्रतींत.

अशा वेळी साधा माणूस काय म्हणेल? 'चुकलं, तीनच शिवा.' पण जी एकदा छापील शब्दावरून माघार घेते, तिच्या पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवणार? मी म्हटलं, "जे लिहिलंय ते बरोबर आहे."

"मग उशी आधी ठेवतो," दादा शांतपणे म्हणाला, "आणि भोवती शिवतो."

मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. बघा, वाट निघते!

दादा उठला आणि कामावरचं दाभण आणि सुतळी घेऊन आला. दादाला आयुष्यात एकच टाका येतो, पार्सलचा! हे पार्सल ट्रकमधून आपटत कोलकात्याला गेलं तरी उसवायचं नाही, अशा बेताने घातलेला. पण तो टाका त्याला असा येत होता की बघत राहावं. मी फोनवर शिवणाचा व्हिडिओ लावून त्याच्यापुढे धरत होते. त्याने एकदाही पाहिला नाही. दोन चौकोन, मध्ये उशी, खर्र खर्र सुतळी, दातांनी गाठ, "थई गयुं!" आणि पुढची उशी. पंचवीस मिनिटांत पाच उशा! सवयीने त्याने मार्करने प्रत्येकीवर नगाचा आकडाही टाकला. तिसऱ्या नगावर, पार्सलवर हमालांसाठी लिहितात तसं, 'हुक लावू नये' असंही लिहिलं.

माझा ऊर भरून आला. एका उशीचा तर मी फोटोही काढणार होते, पण फोन सापडेना. दादाच्या फोनवरून रिंग दिली, माझा सायलेंटवर. शोधायला वेळ नव्हता. पाहुणे रिक्षातून उतरत होते.

कविताचे वडील, बापू, पांढऱ्या केसांचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांची बहीण, आत्याबाई, मऊ नव्हत्या. दारातूनच त्यांनी पंख्यावरची धूळ, नळाची गळती आणि मी, एवढं टिपून घेतलं. पण जेवण झकास झालं. पुरणपोळी, आमटी, कुरडया. सगळं शेजारच्या रंजनामावशीने केलेलं, आईने एका हाताने वाढलेलं. मी एक अक्षर बोलले नाही. दादा माझ्याकडे कृतज्ञतेने पाहत होता. पोळ्या चार-चार झाल्यावर बापू म्हणाले, "जरा पाठ टेकतो."

पुढच्या खोलीत गाद्या घातलेल्याच होत्या. जांभळ्या उशा चकाकत होत्या.

बापूंनी उशीवर डोकं ठेवलं. उशी सटकली. त्यांनी ती ओढून पुन्हा ठेवली. पुन्हा सटकली, आणि डोकं जमिनीवर, टण्ण! "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी उशी भिंतीला टेकवून कशीबशी मान अडकवली. उकाड्याने घाम फुटला, तसा नानांचा बिघडलेला रंग सुटू लागला. मी दारातून पाहिलं तेव्हा बापूंचे पांढरे केस एका बाजूने फिकट जांभळे झाले होते. दादाने डोळे मिटून घेतले.

पलीकडच्या गादीवर आत्याबाई उशी उलटसुलट करत होत्या. "हाई काय शे?" त्या पुटपुटल्या. "हुक लावू नये?"

त्याच क्षणी अडीच वाजले.

"पुरुषांनो, उठा!" बापूंच्या डोक्याखालून माझा आवाज गरजला. "किती दिवस लोळणार? लाज वाटू द्या! सुई हाती घ्या!"

बापू ताडकन उठून उभे राहिले. हातही जोडले होते!

"ओ माय वं!" आत्याबाई ओरडल्या. "उशी बोलस!"

"पुरुषांनो, उठा! किती दिवस लोळणार?"

मी उशीवर झेप घेतली. दाबली, आवाज आणखी घुमला. उसवायला गेले, पार्सलचा टाका! नानांनी दातांनी ओढून पाहिलं. आप्पांनी, का कोण जाणे, उशीला "हॅलो" म्हटलं. आणि माझा आवाज आपला दर दहा सेकंदांनी पाहुण्यांना लाज वाटू द्यायला सांगत होता.

शेवटी दादा पुढे आला. पाहुणे आल्यापासून नव्या इस्त्रीच्या शर्टात तो गरीब गायीसारखा बसला होता. आता त्याने खिशातून ब्लेड काढलं, उशी गुडघ्याखाली दाबली आणि सर्रकन एका फटक्यात ती टोकापासून टोकापर्यंत फाडली. कापूस उडाला. बापूंच्या जांभळ्या केसांवर अलगद बसला. दादाने आत हात घालून फोन काढला, बंद केला आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा नुसता उतरला होता. दुसरी सोयरीक, आणि तीही मीच मोडलेली!

आयुष्यात पहिल्यांदा मी पत्रकाबाहेरचं वाक्य बोलले. "आत्याबाई, यात दादाची काही चूक नाही. चूक माझी आहे. सगळी."

आत्याबाईंनी फाटलेला अभ्रा उचलला. टाका नखाने ओढून पाहिला. हलला नाही.

"हा कोणी घातला?"

"मी," दादा म्हणाला.

"कापड कोणी कापलं?"

नानांनी हात वर केला.

"आणि तुम्ही?" त्या आप्पांना म्हणाल्या.

"मी तपासलं," आप्पा म्हणाले.

"म्हणजे घरातले बठ्ठे बाप्ये शिवणाला बसतात?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू काय करस?"

"ती मार्गदर्शन करते," दादा थकल्या आवाजात म्हणाला.

"तुले सुई ओवता येस का?"

खोटं बोलायला हवं होतं. "नाही."

आत्याबाईंनी तो टाका पुन्हा एकदा ओढून पाहिला. मग भावाकडे वळून ठासून म्हणाल्या, "बापू, पोर इथंच द्यायची! या घरात बाप्ये राबतात आणि बाया बसून हुकूम सोडतात. बाप्यांच्याने काही होत नाही ती गोष्ट वेगळी! कविता सुखात राही."

आईने प्लास्टरचा हात कपाळाला लावला. बापूंनी केसांतला कापूस काढत "बरं" म्हटलं. दादा असा हसला की त्याचे मागचे दात आम्ही बऱ्याच वर्षांनी पाहिले. मी भाषणाला तोंड उघडणार, तोच आत्याबाईंनी ती फाटकी उशी आणि आईच्या डब्यातली सुई माझ्या मांडीत टाकली.

"आता एवढी तू शिव. आम्ही चहा घेतो."

तत्त्व सांगायची ती वेळ नव्हती. सुई ओवायला मला पाऊण तास लागला. चहा दोनदा झाला, कुंकू लागलं, साखरपुड्याची बोलणीसुद्धा सुरू झाली. पण मी हट्टाला पेटले होते. दात-ओठ खात, बोटं टोचून घेत, एकेक टाका घट्ट ओढत मी चारही बाजू पक्क्या शिवल्या. एकही कोपरा सोडला नाही! सगळ्यांसमोर दोरा तोडला आणि पाहुण्यांना रिक्षेपर्यंत सोडायला ताठ मानेने उठले.

उशीही माझ्याबरोबर उठली. मी ती माझ्या कुर्त्याला शिवली होती.