शकुंतलाबाईचा हौद

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या तांड्यावर प्रेमदासनं घरामागं पोहण्याचा हौद बांधला तेव्हा लोक हसले. कारण सांगत बसायची त्याला इच्छा नव्हती. सेनगावच्या रस्त्यावर जीप उलटली, तेव्हापासून त्याच्या बायकोचे, शकुंतलाबाईचे, पाय बधिर झाले होते. पाण्यात व्यायाम केला तर थोडा जोर येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून छातीइतका खोल हौद, वर पत्रे, धरायला लोखंडी दांडी.

पाणी नासू नये म्हणून गावच्या विहिरीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर त्यानं मुठीमुठीनं टाकली आणि थोड्याच वेळात बायकोला उचलून आत उतरवलं. तिचे डोळे लाल झाले. तळाशी बसलेल्या पावडरीनं पायाची कातडी भाजली, तेही तिला कळलं नाही. अंग पुसताना प्रेमदासनंच पाहिलं. ती पुन्हा पाण्यात उतरायला तयार होईना.

त्यानं हौद उपसून धुतला आणि हिंगोलीला हाशिमचं दुकान गाठलं. तिथं पाणी शुद्ध करायचं सामान मिळे. पावडरीनं काय झालं ते सांगून त्यानं क्लोरीनच्या गोळ्या मागितल्या.

"हौदावर ऊन पडतं का?" हाशिमनं विचारलं.

"न्हाई. वर पत्रे हायेत."

"मग गोळ्या काहून नेता? उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून त्यांच्यात जे घालतात, ते लहान हौदात साठत जातं, मग क्लोरीनचा जोर चालत न्हाई. पातळ क्लोरीन न्या. गाळ बसत न्हाई. गरमीत त्याचा जोर उतरतो, म्हणून थोडंच न्या, सावलीत ठेवा. जुन्या पावडरीत मात्र मिसळू नका, जिवावर बेतंल. संध्याकाळी टाका, सकाळी हौदातलं थोडं पाणी घेऊन या थेंबांनी तपासा. रंग फिका पिवळा आला तरच माणूस उतरवा, भाऊ."

जखमा भरेपर्यंत प्रेमदास थांबला. मग रोज सकाळी रंग पाहून आधी स्वतः उतरायचा, पाण्यात डोळे उघडे ठेवून बुडी मारायचा. शकुंतलाबाई दारातून बघत राहायची. एकदा तिनं त्याला जवळ बोलावलं.

"तुमचे डोळे बगू."

तिनं दोन्ही डोळे निरखून पाहिले. "चला," म्हणाली.

जमिनीवर ते पाय पुढं कधीच उभे राहिले नाहीत. डॉक्टरांनीही आशा सोडली. पण पाण्यात, दांडी धरून, ती एका सकाळी उभी राहिली. खांदा त्याच्या खांद्याला लागला.

"लई दिवसानं तुमच्या बराबर उभी हाये," ती म्हणाली.

त्यानं तिचं कोपर धरून ठेवलं.