झाकणावरची नावं

आमच्या कॉलेजातून एकाच नावाची शिफारस जायची होती. फेलोशिप मुंबईच्या एका संस्थेची होती. घरांच्या, बंद खोल्यांच्या हवेतल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या नवख्या संशोधकांसाठी. हा विषय मी एम.एस्सी.पासून धरून बसले होते. नामपूरचं कांद्याचं गोदाम, एका दवाखान्यातली पेशंट बसायची खोली, इंदिरानगरातलं आमचं स्वयंपाकघर, अशा ठिकाणी अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, ओतलेल्या काचेच्या बशा उघड्या ठेवायच्या आणि त्यांवर काय उगवतं ते बघायचं.

आमच्या लॅबच्या सरांनी शिफारस केली ती स्वतःच्या भाच्याची. विषयही माझाच दिला, खोल्याही माझ्याच.

"वाईट वाटून घेऊ नकोस," सर म्हणाले. "मुलाखतीत बोलावं लागतं. तुझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. शिवाय उद्या लग्न होऊन जाशील. याला जरा सगळं शिकव."

भाचा मला नावाने हाक मारत नसे. "ए कॉन्व्हेंट, फंगसला आमच्यात बुरशी म्हणतात बरं का!" हे सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं. मुलं हसायची. मी बशा धूत राहायचे.

मी त्याला शिकवलं. अगार कसा शिजवायचा, बशी किती वेळ उघडी ठेवायची, मग पालथी का घालायची. एक गोष्ट तेवढी शिकवली नाही. खोलीचं नाव बशीच्या बुडावर लिहायचं असतं, झाकणावर नाही; झाकणं बदलली जातात. तो झाकणावर लिहीत होता, ठळक, वळणदार अक्षरात. मी शेजारीच उभी होते. काचेवर लिहायच्या पेन्सिलीला टोक मीच करून दिलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मामा खूश व्हावा म्हणून त्याने एक बशी सरांच्या देवघरातही ठेवली होती.

फेलोशिपची समिती मुलाखतीला आली तेव्हा बशांचे ट्रे आणायला मला बोलावलं. समितीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी सगळी झाकणं काढून टेबलावर ठेवली, भिंगातून एकेक बशी पाहिली आणि बोलता बोलता झाकणं हाताला येतील तशी परत घातली. मी फक्त त्यांचे हात बघत होते.

"ही काळीकुट्ट कुठली हो?" बाईंनी विचारलं.

भाच्याने झाकण वाचलं. "सरांचं देवघर."

"मग देव खोकत असतील की!"

सगळे हसले. सर हसले नाहीत. "नाही, म्हणजे हे झाकण..." म्हणत भाचा झाकणं उचलून इकडची तिकडे लावू लागला. जितकी लावली तितका घोळ वाढला.

"मॅडम," मी म्हणाले, "ही काळी बुरशी कांद्यावरची. ही बशी नामपूरच्या गोदामातली."

मग शेजारच्या खोलीतून माझ्या बशा आणल्या आणि त्यांच्यासमोर पालथ्या मांडल्या. प्रत्येकीच्या बुडावर नाव होतं. बाईंनी भाच्याचे कागद बाजूला सारले आणि मला म्हणाल्या, "बस. अगदी पहिल्यापासून सांग."

समितीने कॉलेजकडून नाव बदलून घेतलं आणि फेलोशिप मला मिळाली. निकाल कळला त्या दिवशी सरांनी मला जिन्यात गाठलं.

"बुडावर लिहायचं असतं, हे त्याला का नाही सांगितलंस?"

"सर, माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही."

जिन्याखाली भाचा उभा होता. त्याने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. मी ओ दिली नाही.