हिरड्याने आवळलेला पापुद्रा

वसुधा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गोठ्यात अडलेल्या म्हशीपाशी होतो. हात गुंतलेले, म्हणून मालकानेच फोन माझ्या कानाला धरला. मॅडमची मुलगी मेधा एवढंच म्हणाली, "काका, आई सकाळी गेली." म्हैस सुटेपर्यंत मला तिथून हलता आलं नाही. समोरचं काम टाकून कुणी आपल्यासाठी धावत यावं, हे मॅडमनाही पटलं नसतं... आता काही आठवडे लोटलेत, तेव्हा शांतपणे लिहितो.

नव्वदच्या दशकात मी आष्ट्याला जनावरांचा डॉक्टर होतो आणि मॅडम सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. एका दुपारी त्या एसटीने आल्या, टेबलावर स्टीलचा डबा ठेवला आणि ओळखपाळख व्हायच्या आत म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्याकडे न भरणाऱ्या जखमा येतात ना? मला एक द्या." डब्यात पोह्याच्या पापडाइतका पातळ, पारदर्शक पापुद्रा होता. तो कोलॅजेनचा होता. कातडीला आणि हाडांना धरून ठेवणारं हे प्रथिन जखमेवर पसरलं, तर नव्या कातडीला चढायला मांडव मिळतो, असं त्यांनी मला समजावलं. "वेलाला लागतो तसाच," त्या म्हणाल्या. बोलण्यात कुठे 'कदाचित' नव्हतं.

जखम माझ्याकडे होती. गावातले, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार आप्पा यांचा हरण्या नावाचा बैल कारखान्याला ऊस ओढायचा. जुवाने त्याचा खांदा तळहाताएवढा सोलवटला होता, मलमं लावूनही चिघळतच चालला होता. आप्पांनी पापुद्रा निरखून पाहिला आणि विचारलं, "आवं बाई, ह्ये कशाचं हाय?" मी डोळ्यांनी खूण करत होतो, पण मॅडमनी सरळ सांगितलं, "म्हशीच्या कातड्याचं." आप्पांनी बैलाचं दावं सोडलं. "मग न्हाई जमायचं. बेंदराच्या सणाला आमी बैलाच्या पाया पडतोय." मॅडम चिडल्या नाहीत. वाटेत उभ्या राहून त्यांनी विचारलं, "माशाचं चालेल?" आप्पा थबकले. "मासा चालतोय की! पलटणीत लय खाल्लाय."

मग मॅडम कृष्णेकाठच्या मासेवाल्यांकडून खवले आणू लागल्या. ते सौम्य आम्लात, थंडीत भिजत ठेवावे लागत. वासामुळे कॉलेजने फ्रीज वापरायला बंदी केली, तेव्हा त्यांच्या बाटल्या माझ्या फ्रीजमध्ये लसींच्या शेजारी आल्या. नवा पापुद्रा तयार झाला, आम्ही तो हरण्याच्या खांद्यावर बसवला, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर तो पाकासारखा ओघळून गेलेला, वर माश्या घोंगावताहेत. "बाई, तुमचा मासा वितळला की!" आप्पा म्हणाले. मॅडम खळखळून हसल्या. आप्पा मात्र हसत नव्हते. "पोरं म्हणत्यात, बाजार दाखवू ह्येला. पर बाजारात अशा खांद्याचा बैल कोन घेतंय, आन् कशासाठी घेतंय, ते मला ठावं हाय." हरण्या मान खाली घालून उभा होता. मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "विकू नका आप्पा. मासा नदीच्या पाण्याइतकाच गार, त्याचं कोलॅजेन बैलाच्या अंगच्या उबेला टिकलं नाही. चूक कळली आहे. मला थोडा वेळ द्या."

मॅडमचं बालपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलेलं. वडील प्रकल्पावर नोकरीला होते. तिथल्या रानात हिरडा भरपूर, आणि खोकला झाला की आई गालात हिरडा धरायला लावायची. त्या खटपटीच्या दिवसांत एकदा माझ्या दवाखान्यात चहा घेता घेता त्या मध्येच थांबल्या. "तुरट म्हणजे काय हो डॉक्टर? हिरड्याने तोंडातली प्रथिनं आवळली जातात, म्हणून जीभ ओढते. मग माझ्या पापुद्र्यातली का आवळणार नाहीत? चामडं कमावायलाही हिरडाच वापरतात की!" अर्धा कप तसाच ठेवून त्या स्टँडकडे निघाल्या.

पहिल्यांदा हिरड्याचा अर्क जास्त पडला आणि पापुद्रा वहाणेच्या चामड्यासारखा कडक होऊन तडकला. मग त्या प्रमाण कमी करत गेल्या. शेवटी फिक्या चहाच्या रंगाचा, मऊ पण चिवट असा एक पापुद्रा घेऊन आल्या, आणि तो जखमेच्या अर्ध्याच भागावर लावा म्हणाल्या. उरलेल्या अर्ध्यावर माझं नेहमीचं मलम. आप्पा कळवळले. "आवं बाई, दुसऱ्या अर्ध्यानं काय पाप केलंय?" मॅडम म्हणाल्या, "त्याच्यामुळेच खरं काय ते कळेल. फरक दिसला की त्या क्षणी तोही झाकू."

फरक दिसला. पापुद्र्याखाली लालसर, दाणेदार मांस भरून आलं, कडेने कातडी सरकू लागली. मलमाचा अर्धा भाग अजून ओलाच होता. मॅडमनी लगेच तोही झाकला. मी भारावून काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. "बैल एकच आहे, डॉक्टर. आणि जू उतरवून त्याला विश्रांती दिली, हेही सांगायचं." पण चेहरा असा उजळला होता की...

पुढच्या बेंदराला आप्पांनी त्यांना मुद्दाम बोलावलं. खांद्यावर नवे केस आलेला, झूल पांघरलेला हरण्या मॅडमच्या हातची पुरणपोळी खाण्याआधी हात हुंगत राहिला. "माशाचा वास येतोय त्येला," आप्पा म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते पोट धरून हसले. पुढे मोठ्या प्रयोगशाळांतून असल्या पट्ट्या निघाल्या, औषधांच्या दुकानांतही आल्या. मॅडमचं नाव कशावरच नव्हतं. मी हळहळलो की त्या म्हणत, "जखमा भरताहेत ना? मग मी बरोबर होते."

परवा विश्रामबागेला गेलो. निवृत्तीनंतर मॅडम गच्चीवरच्या खोलीत काम करायच्या, तिथे मेधा मला घेऊन गेली. इस्पितळात दाखल होण्याआधी त्यांनी एका काचेवर शेवटचा पापुद्रा ओतून ठेवला होता. तो एकट्यानेच वाळला होता. "काका, याचं काय करायचं? मला हात लावायचा धीर होत नाही," मेधा म्हणाली. मी तिचा हात धरून पापुद्र्याच्या कडेला नेला, नखाने कोपरा उचलायला सांगितलं. तिने श्वास रोखून हळूहळू ओढला... आणि तो कुठेही न फाटता, अख्खा निघून तिच्या हातात आला.