जागा बदललेलं चित्र

लातूरच्या एका डाळमिलमध्ये रंग पाहून तूरडाळ निवडणारं मशीन आहे. कॅमेरा पडत्या डाळीचं चित्र घेतो, आमचं सॉफ्टवेअर काळा दाणा ओळखतं आणि हवेचा झोत तो दाणा कचऱ्याच्या पेटीत उडवतो. आम्ही म्हणजे नांदेडला बसणारे दोघं, मी आणि माझा सहकारी. चित्र मेमरीत कॉपी करायचा भाग त्याने नव्याने लिहिला.

"ताई, लई पळून राहिलंय आता," तो म्हणाला.

"कुठली तपासणी गाळलीस?"

तो नुसता हसला. ते हसणं मी लक्षात ठेवलं.

आठवडाभरात मिलमालकांचा फोन आला. अधूनमधून चांगली डाळ कचऱ्यात जात होती. मशीन सांभाळणाऱ्या मावशी कॅमेऱ्यापुढची काच पुसत नाहीत, असा त्यांचा संशय. सोमवारपासून मावशींना कामावरून काढणार होते.

मी लातूर गाठलं. मावशींनी मला काचेपुढे उभं केलं. "बघा मॅडम, तोंड दिसतंय का न्हाई?"

"मॅडम येणार म्हणून दिसतंय," मालक म्हणाले.

आजच्या काचेवरून कालचं काही ठरणार नव्हतं. म्हणून काचच वगळली. कॅमेरा बंद केला आणि साठवलेलं एकच चित्र सॉफ्टवेअरला पुन्हा पुन्हा दिलं. उत्तर दर वेळी तेच यायला हवं होतं. बराच वेळ आलं. मग पडद्यावर पिवळ्या डाळीत अचानक काळा पट्टा उमटला आणि सॉफ्टवेअरने तिथले चांगले दाणे काळे ठरवले. कॉपीचा जुना, संथ कोड लावला. संध्याकाळपर्यंत पट्टा नाही.

सहकाऱ्याला फोन करून कोड वाचायला लावला. आम्ही ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहितो, तिच्यात मेमरीची आवराआवर यंत्रणा स्वतःच करते, चालू कामात माहितीची जागाही बदलते. वेगासाठी याने चित्राचा मेमरीतला थेट पत्ता घेतला होता. पत्ता घेण्यापुरतं चित्र जागेवर अडकवलं, लगेच सोडलं, आणि पत्ता मात्र पुढे वापरत राहिला.

"मधेच चित्र हललं तर? त्या पत्त्यावर भलतंच काही असेल."

"हलत न्हाई ताई, सहसा."

"सहसा?"

कॉपी संपेपर्यंत चित्र अडकवून ठेवायला त्याला सांगितलं. पट्टा गेला, वेग तेवढाच राहिला.

"राहू द्या मग मावशीला," मालक पुटपुटले.

माझा त्या कोडवर अजूनही विश्वास नव्हता. मावशींना म्हटलं, पेटीत चांगली डाळ दिसली की मालकांच्या आधी मला फोन करा.

"म्हंजी आता तुमच्यावर ध्यान म्या ठेवायचं?"

"हाव."

त्यांनी मालकांकडे बघत माझा नंबर मोबाइलमध्ये घातला.