कड्यावरून पडलेली बाहुली

जुन्या, फसलेल्या सिनेमांची टर उडवणारा एक विनोदी कार्यक्रम टीव्हीवर लागतो. रविवारी जेवणं झाली की मी तो हमखास बघायचो. शेजारचे शंकरकाकाही अधूनमधून येऊन बसत. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केलेलं, आणि आता घरी एकटेच.

त्या दुपारी एका सिनेमातला डाकू कड्यावरून खाली कोसळला. त्याचे हातपाय असे वेडेवाकडे फिरले, की कार्यक्रमातला विनोदवीर म्हणाला, "अरे, बाहुली तरी जरा बरी शिवायची." तो तुकडा त्यांनी पुनःपुन्हा दाखवला, एकदा तर उलटाही फिरवला. मी पोट धरून हसत होतो.

"बाहुली नाही ती," काका म्हणाले. "आमचा धाकटा भाऊ, दत्तू. डाकूच्या बदली त्यानं उडी मारली, आणि दोर तुटला. जागीच गेला. दुसऱ्यांदा कोण उडी मारणार? मग तोच शॉट ठेवला पिक्चरमध्ये."

माझं हसू ओठांवरच विरलं. सिनेमा टुकार होता, यात शंका नाही. पण टुकार सिनेमातही माणसं खऱ्या कड्यावरूनच पडतात, हे इतकी वर्षं हसताना माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी चॅनल बदलायला रिमोट उचलला, तर काकांनी माझा हात धरला.

"राहू दे. पिक्चर लागला तेव्हा बघायला जायचा धीर झाला नव्हता मला." त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "परत दाखवतील का रे?"